पोतं काढलं का?

आमच्या मिलचे मिस्त्री नव्या माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत. नमस्कार घ्यायचे, हूं म्हणायचे आणि सावकाश चालत जाऊन त्याच्या पाठीमागे उभे राहायचे. तो माणूस गोंधळून वळला की तेही त्याच्याबरोबर वळायचे. हात मागे बांधलेले, मान थोडी कललेली, बाजारात बैल पाहायला आल्यासारखी. मनासारखं पाहून झालं की पुढे यायचे आणि मग बोलायला लागायचे.

"सामोरून सारेच धुवून-पुसून येतेत," ते म्हणायचे. "मांगचं कोनी धुवत नाही. खरं तिथंच सापडते."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव ही समोरून दिसणारी गोष्ट, आणि त्यांना ती आवडली नसती. शिवाय गोंदियात त्या वेळी त्यांना नावाने हाक मारणारा कोणी उरलाही नव्हता. मूळचे ते बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करणारे सुतार. लॉऱ्या आल्यावर बंडीची चाकं सोडून त्यांनी लॉरीची चाकं हातात घेतली आणि आमच्या शेठजींच्या राइस मिलमध्ये मिस्त्री आणि ड्रायव्हर दोन्ही झाले.

त्यांच्या पुतणीला पाहायला एक मुलगा आला होता. सगळे त्याचं शिक्षण, शेती, नाकडोळे पाहत होते. मिस्त्री त्याच्या मागे जाऊन बसले, आणि तो पाया पडायला वाकला तेव्हा त्याच्या टाचा पाहून म्हणाले, "टाचा भेगाळल्या हायेत. चिखलात उतरते पोरगा. देऊन टाका." लग्न झालं आणि चांगलं झालं.

स्टेशनावर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. इंजिन फलाटावर शिरलं की लोक म्हणत, गाडी आली. मिस्त्री म्हणत, "कुठं आली?" शेवटच्या डब्याचा लाल दिवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांच्या लेखी गाडी येत नसे. एकदा त्यांचे साडू पहिल्याच डब्यातून उतरले, समोर येऊन हात जोडून उभे राहिले. मिस्त्रींनी त्यांना हातानेच बाजूला केलं. "थांब गा. तू आणखी आला नाहीस." साडू बिचारे गाठोडं घेऊन, लाल दिवा फलाटाला लागेपर्यंत, न आल्यासारखे उभे राहिले.

माझी आणि त्यांची भेट शेठजींच्या गादीसमोर झाली. मी नागपूरहून संस्कृत आणि तर्कशास्त्र घेऊन बीए झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील अर्जुनीच्या बाजूला दुसऱ्याचं धानाचं शेत करायचे. मला नोकरी लागेल या भरवशावर त्यांनी गावात आधीच सांगून टाकलं होतं की लागली. त्यामुळे ती लागणं मला भाग होतं.

शेठजींनी विचारलं, "अंग्रेजी पढ़ लेते हो?"

मी हो म्हणेपर्यंत मिस्त्री माझ्या मागे पोचले होते. मी वळलो नाही. पाठीवर त्यांची नजर फिरलेली कळत होती.

"कोटाले मांगून ठिगर हाय," ते मागून म्हणाले. "टाका मायच्या हातचा हाय. बाजारचा नाही. ठेवा याले."

अशी माझी नेमणूक झाली. पदवीचा कागद मी घडी घालून परत खिशात ठेवला.

नोकरीचं कारण आवारात उभं होतं. लढाई संपल्यावर फौजेचा माल लिलावात निघाला, त्यात शेठजींनी एक ट्रेलर उचलला. दोन चाकांची लोखंडी गाडी, पुढे एक लांब दांडा, तो लॉरीच्या मागे अडकवायचा. धान दीडपट येणार होतं. पण गोंदियात कोणीही तोवर लॉरीमागे असं काही ओढलं नव्हतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते, स्वतःची लाल बत्ती होती, तिला जाणाऱ्या तीन तारा होत्या, आणि या सगळ्याबद्दल सांगणारं एक तेलकट इंग्रजी पुस्तक होतं.

शेठजी म्हणाले, "किताब आप पढ़ो, गाड़ी मिस्त्री चलाएगा. केशोरी से धान भरके ट्रेलर सही-सलामत आ गया, तो आप पक्के. नहीं तो गाँव में खेती तो है ही."

खेती आमची नव्हती, पण ते मी बोललो नाही.

सुरुवात तारांपासून केली. पुस्तकात लिहिलं होतं: लाल तार मागच्या बत्तीला, पिवळी थांबण्याच्या खुणेला, आणि काळी 'अर्थ'ला. हा शब्द मी कोशात पाहिला. मग वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, "काळी तार पृथ्वीस जोडावी." मिलच्या इमारतीवर वीज पडू नये म्हणून एक तांब्याची पट्टी जमिनीत गेलेली होतीच. शंका घ्यायला जागा नव्हती.

दोन हमालांना लावून मी ट्रेलरजवळ कमरेइतका खड्डा खणला. लोखंडी खुंटी ठोकली, तिला काळी तार गुंडाळली, मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं. बत्ती लागली नाही. खड्डा आणखी खोल केला. बत्ती लागली नाही. मिस्त्री सकाळपासून ट्रेलरच्या मागे विडी ओढत बसले होते. दुपारी ते उठले, लॉरीत जाऊन बसले आणि खिडकीतून डोकं काढून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "बीए, आता गाडी हालवू का जी?"

"हालवा ना, मिस्त्रीजी."

"अन् पृथ्वी?"

हमाल आधी हसले की गादीवरून पाहणारे शेठजी, ते मला आठवत नाही. मी खड्ड्यातच उभा होतो.

मिस्त्री खाली उतरले. कानस घेऊन त्यांनी ट्रेलरच्या सांगाड्याचा बोटभर रंग खरवडला, चकचकीत लोखंडावर काळी तार बोल्टने आवळली. लाल बत्ती लागली. लॉरीच्या वायरिंगमुळे त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं.

"आपली पृथ्वी आपल्याच बुडाखाली ऱ्हायते गा," ते म्हणाले. "लोखंड म्हंजे तिची जमीन. मांगच्याचं लोखंड सामोरच्याच्या लोखंडाशी बोललं पायजे. त्यालेच अर्थ म्हनतेत."

"तुम्हाला माहीत होतं तर सकाळीच का नाही सांगितलं?"

"तू किती खोल खोदतं ते पाहून राहिलो होतो."

शेठजी मात्र हसणं आटोपल्यावर गंभीर झाले. "पंडितजी, एक गलती माफ. दूसरी हुई तो शाम की गाड़ी से घर."

ब्रेकच्या प्रकरणाला मी फार जपून हात घातला. तीन दिवस खपून भाषांतर केलं आणि मिस्त्रींना वाचून दाखवलं: "पुढील वाहनाची गती मंदावली असता संयोजक दंडाच्या आकुंचनाने पश्चात वाहनाच्या चक्रांचे गतिरोधन होते."

मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे कोनाचं मंत्र हाय?"

ते उठून एक बांबू घेऊन आले. एक टोक स्वतःच्या कमरेला मागे बांधलं, दुसरं माझ्या पोटावर टेकवून मला दोन्ही हातांनी धरायला लावलं. "मी लॉरी, तू ट्रेलर. चाल."

आम्ही आवारात चालू लागलो. पुढे खाकी चड्डीतले मिस्त्री, मागे कोट-धोतरातला बीए. हमालांनी काम थांबवलं. मिस्त्री एकदम उभे राहिले आणि बांबू माझ्या पोटात घुसला. मी कळवळून जागच्या जागी थांबलो.

"काऊन थांबला?"

"बांबू लागला!"

"हां! तेच तं लिवलं असंन तुह्या पुस्तकात. सामोरचा थांबला की दांडा मांगच्याच्या पोटात घुसते. पोटात घुसला की मांगचा आपल्या मनानं थांबते. त्याले कोनी सांगा लागत नाही."

खरोखर तेच लिहिलं होतं. तीन दिवसांत मला जे कळलं नव्हतं ते बेंबीच्या वर दोन बोटांवर कळलं.

"आता मांगं जाऊ," म्हणत मिस्त्री उलटे चालू लागले. बांबू पुन्हा पोटात. मी पुन्हा थांबलो. त्यांनी रेटलं, मी आणखी पाय रोवले.

"तू थांबूनच राहिला तं मी मांगं जाऊ कसा?"

मी धावत पुस्तक आणलं. त्याचंही उत्तर होतं. दांड्याच्या मुळाशी एक खटका होता. मागे जाताना तो खाली पाडायचा, म्हणजे दांडा आत घुसत नाही आणि ब्रेक लागत नाही. पुन्हा पुढे निघताना आठवणीने उचलायचा. मिस्त्रींनी एक रिकामं पोतं चौघडी करून माझ्या पोटावर बांधलं. "हा तुहा खटका." आता ते मागे रेटू लागले तसा मी सुखाने मागे जाऊ लागलो. यश आल्याच्या आनंदात आम्ही वळलो आणि पुढे पळत सुटलो. मिस्त्री गपकन थांबले. पोटावर पोतं होतं, मला काही टोचलं नाही, मी तसाच धावत गेलो आणि त्यांना घेऊन कोंड्याच्या ढिगात पडलो.

कोंड्यातून आधी त्यांचा हात वर आला, मग तोंड. मिशांना कोंडा लागलेला होता.

"पोतं काढलं नाही," ते म्हणाले.

त्या दिवसापासून तो आमचा मंत्र झाला. मागे घेऊन झालं की मिस्त्री लॉरीतून ओरडायचे, "पोतं काढलं का?" मी खटका उचलून ओरडायचो, "काढलं!" मगच गाडी हलायची. खटक्याचं काम माझ्याकडे होतं. पंधरा दिवस आवारात सराव केला, एकदाही चुकलो नाही.

केशोरीला आम्ही सकाळीच पोचलो. दोन तुकड्यांची लॉरी पाहायला सगळं गाव लोटलं. शाळेतली मुलं, बाया, म्हातारे, सगळे ट्रेलरला हात लावून पाहत होते. त्यात माझ्या वडिलांना ओळखणारे एक पाटील निघाले. "अरे, हा तं आपल्या त्याचा पोरगा! बीए झाला तो!" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मग मला राहवलं नाही. ट्रेलर खळ्याकडे मागे घेऊन लावला आणि पोती चढत असताना मी पाटलांना वायरिंग समजावू लागलो. अर्थ म्हणजे काय, तो कुठे जोडतात. खड्ड्याची गोष्ट सोडून बाकी सगळं सांगितलं. भरताना एक पोतं उसवलं आणि धान सांडू लागलं. मी मोठ्या रुबाबात ते ट्रेलरवरून उतरवून घेतलं. पाटील म्हणाले, "शिकल्याचं हेच असते. ध्यान."

लॉरी सुरू झाली. मिस्त्रींनी खिडकीतून आवाज दिला, "बीए! पोतं काढलं का?"

"काढलं!" मी म्हणालो.

फाटकं पोतं समोर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडलेलंच होतं.

इथे मला खरं लिहिलं पाहिजे. 'काढलं' म्हणताच मनात काहीतरी टोचलं होतं. मिस्त्रींना फाटक्या पोत्याशी काय करायचं, असं क्षणभर वाटून गेलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर खाली उतरून, ट्रेलरच्या दांड्याखाली वाकून पाहायचं, म्हणजे बीए विसरला हे दाखवायचं. मी पाटलांना नमस्कार करून लॉरीत चढलो.

सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. कोहमाऱ्याच्या अलीकडे एक उतार होता, खाली नाला, त्यावर अरुंद रपटा, आणि रपट्याला लागण्याआधी एक वळण. उताराला लागताच मिस्त्रींनी ब्रेक दाबला आणि मागून कोणी हत्तीने धक्का द्यावा तशी लॉरी पुढे गेली. तिचं बूड एका बाजूला सरकू लागलं. मिस्त्रींनी ब्रेकवरून पाय उचलला.

"दाबा! ब्रेक दाबा!" मी ओरडलो.

"दाबलं तं मोडून पडू. मांगचं थांबून नाही राहिलं." आणि अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "बीए, पोतं काढलं का?"

"काढलं ना! फाटलं होतं ते! तिथंच धुऱ्यावर ठेवलं!"

मिस्त्रींनी मान वळवली. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

मग त्यांनी गिअर खाली आणला, वळण सोडून दिलं आणि लॉरी सरळ पुढे धानाची कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे शेतात, घातली. पहिला धुरा फोडला, दुसरा फोडला, तिसऱ्याला लॉरी नाक लावून उभी राहिली. मागून ट्रेलर आला, एकदा उसळला आणि चिखलात बसला. पाच पोती खाली पडली. लाल बत्तीची काच फुटली. आम्ही दोघं मात्र धड होतो.

शेतमालक दुरून चालत आला. त्याने फुटलेले धुरे पाहिले, लॉरी पाहिली, मागचं ते दुसरं प्रकरण पाहिलं.

"का जी," तो म्हणाला, "ही नांगरट कोनं सांगितली तुमाले?"

धुरे पुन्हा बांधून दिल्याशिवाय त्याने आम्हाला सोडलं नाही. दोन फावडी त्यानेच दिली. मिस्त्री माती ओढत होते, मी थापत होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं की ते म्हणायचे, "माती टाक." निघताना त्यांनी स्वतः वाकून खटका उचलला. मला विचारलं नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मिलच्या आवारात शेठजी उभेच होते. धान आलं होतं, ट्रेलर आला होता, पण चिखलाने माखलेला आणि काच फुटलेला. हमाल भोवती जमले.

"ये क्या हाल है? किसकी गलती?"

 वडिलांनी गावात काय काय सांगितलं असेल ते एकदम आठवलं.

"अर्थ सुटला होता, शेठजी," मिस्त्री म्हणाले. "मीनंच आवरला नव्हता बरोबर. बीएचं काही नाही."

शेठजींनी काळ्या तारेकडे पाहिलं आणि मान हलवली. हमालांना ते पटलं. खोटं काय होतं त्यात? अर्थच सुटला होता. तारेचा नाही, शब्दाचा. मिस्त्रींनी एक पोतं विचारलं आणि मी दुसरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं की मी पक्का. वडिलांना पत्र लिहायला बसलो, 'तीर्थरूप' लिहिलं आणि पुढे काही सुचेना. जेवताना पहिला घास घेतला की बेंबीच्या वर दोन बोटांवर टोचायचं. मिस्त्रींशी बोलायला गेलो की ते ट्रेलरखाली शिरायचे. असे पाच दिवस गेले. पत्र 'तीर्थरूप'वरच होतं.

सहाव्या दिवशी मी शेठजींच्या गादीसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. खटका मी विसरलो, विचारल्यावर शंका आली होती, तरी लोकांसमोर लाज वाटली म्हणून उतरलो नाही. मिस्त्रींनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. संध्याकाळच्या गाडीची वेळ मी विचारून ठेवली होती.

शेठजींनी चष्मा काढला. "मिस्त्री ने तो उसी शाम को सब बता दिया था."

"सब?" मी विचारलं.

"मिस्त्री बोला, लोगों के सामने इज्जत रखी है उसकी. आठ दिन रुको. खुद आके बोला तो आदमी काम का है. नहीं बोला तो मैं ही उसको स्टेशन छोड़ आऊँगा." त्यांनी बोटं मोजली. "छह दिन लगा दिए, पंडितजी! मैं तो घबरा गया था. अंग्रेजी पढ़नेवाला दूसरा कहाँ से लाता?"

मी बाहेर आलो. मिस्त्री ट्रेलरच्या मागे उकिडवे बसून नवी लाल काच बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आज कितवा दिवस गा?"

"सहावा, मिस्त्रीजी."

त्यांनी काच बसवली, हात पुसले आणि उठले. सवयीप्रमाणे सावकाश चालत माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. मीही सवयीप्रमाणे वळलो नाही.  मग कोटाच्या ठिगळावर त्यांचा तेलकट पंजा पडला. तो डाग पुढे कधी निघाला नाही, आणि मीही तो काढायला फार धडपडलो नाही.

"ब्रेक उशिरा लागला," ते म्हणाले. "पन लागला. चाल, केशोरीले जाचं हाय. खटका तूच पाहून ये."